साडभाऊंचा उजवा पाय

सख्ख्या भावाचा हेवा केला तर लोक नावं ठेवतात, शेजाऱ्याचा केला तर हसतात. साडूचा हेवा मात्र जगाला मान्य आहे. एकाच घरच्या दोन मुली केलेल्या दोन परक्या माणसांनी एकमेकांकडे तिरक्या नजरेनं पाहायचं नाही तर कुणी पाहायचं? आमच्या वऱ्हाडात साडूला साडभाऊ म्हणतात. त्यातला 'भाऊ' मला कधी मनापासून उच्चारता आला नाही. याला कारण अकोल्याचे अरविंदराव गावंडे वकील. आणखी नेमकं सांगायचं तर त्यांचा उजवा पाय.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायचो. माझी बायको मंदा मोर्शीच्या एका संत्रा बागाईतदाराची धाकटी मुलगी, आणि थोरली कुंदाताई अरविंदरावांना दिलेली. म्हणजे ते थोरले जावई आणि मी धाकटा. हा क्रम लग्नाच्या तारखांनी ठरला होता, पण पुढे तो सगळ्याच बाबतीत लागू झाला. माणूस दिसायला काही विशेष नव्हता. बेताची उंची, वकिलाला शोभेल एवढं पोट, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टायरची हवा मोजायचं एक छोटं यंत्र. मूळचे हिवरखेडचे. कोर्टात उभे राहिले की पुस्तकातलं मराठी बोलायचे म्हणे. बाहेर आले की पुन्हा हिवरखेडला पोचायचे.

त्यांची गाडी जुनी होती. तिचा रंग कागदोपत्री राखाडी होता म्हणून आम्ही तिला राखाडी म्हणायचो, नाहीतर अकोल्याच्या उन्हानं तिचं काय करून ठेवलं होतं ते एका शब्दात सांगता येत नाही. माझी गाडी नवी, पांढरी, आणि तिच्यात आपण आत्ता किती पेट्रोल जाळतो आहोत हे सांगणारा पडदा. आमच्याकडे नवी गाडी घेतलेल्या माणसाला कुणी खुशाली विचारत नाही. पहिला प्रश्न एकच असतो, काय ॲव्हरेज देते? मोर्शीच्या अंगणात माझ्या मेहुण्यानं, गजाननानं, तो विचारला तेव्हा मी पडद्यावरचा आकडा जरा वर उचलून सांगितला. गजाननानं मान हलवली.

"बरी हाये," तो म्हणाला. "पण अरविंदभाऊजीची जुनी याच्यापेक्षा जास्त देते."

त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे बरीच वर्षं थांबलं नाही. आधी मी ठरवून टाकलं की गृहस्थ थापा मारतात. वकील माणूस, त्यांना काय अवघड आहे. पण मग एकदा अकोल्याहून एका लग्नातून परतताना माझी गाडी मंदाच्या मावश्यांनी भरली. गजानन म्हणाला, आज ही मी नेतो. अरविंदरावांना अमरावतीला काम होतं, तेव्हा मला त्यांच्या गाडीत बसावं लागलं. बसलो ते चोर पकडायचं मनात धरूनच.

निघण्याआधी त्यांनी चारही चाकांची हवा पाहिली. उन्हं वर यायच्या आत, टायर गार असतानाच पाहायची, हा त्यांचा नेम. मग डिकी उघडली आणि आतली सतरंजी, पाण्याचा कॅन आणि लग्नातल्या नारळांचं कुणीतरी ठेवलेलं पोतं बाहेर काढून यजमानांच्या ओट्यावर मांडलं. उजव्या पायातली चप्पल काढून मागे सरकवली आणि अनवाणी पाय पेडलवर टेकवला.

"चप्पल काहून काढली?" मी विचारलं.

"किती दाबून राह्यलो थे पायाले समजलं पाह्यजे न. जोड्यातल्या पायाले काय समजते?"

गाडी निघाली तेव्हा ती निघाली हे मला कळलं नाही. एकामागून एक गिअर वर गेले, पण इंजिनाचा आवाज काही चढला नाही. बोरगाव मंजूच्या पुढे एक ट्रॅक्टर सोडून सगळ्या जगानं आम्हाला मागे टाकलं. एसटी गेली, कापसाचे ट्रक गेले, वऱ्हाडी मंडळींनी भरलेली एक जीप गेली आणि तिच्यातल्या पोरांनी हात हलवून आमची चौकशी केली. अरविंदरावांनी त्यांनाही हात केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साडभाऊ," ते म्हणाले, "तुमी समोरच्या गाडीले पाहून चालवता. थे काय करून राह्यली हे दिसते तवा ब्रेक माराची येळ आलेली असते. तिच्या समोरचीले पाहा. जमलं तर तिच्याई समोरचीले."

मूर्तिजापूरच्या अलीकडे खूप लांबवर एका ट्रकचे मागचे दिवे लाल झाले. मला ते दिसायच्या आत यांनी पाय उचलला होता. गिअर तसाच, नुसता पाय उचललेला. गाडी आपली आपण मंदावत गेली, आणि आम्ही ट्रकपाशी पोचेपर्यंत तो पुन्हा चालू लागला होता.

"ब्रेक मारला म्हंजे आतापावतर जे जाळलं थे फुकट गेलं," ते म्हणाले. "मारा लागते, नाई म्हणत नाई. ढोर आडवं आलं त माराच. पण बाकीचे ब्रेक म्हंजे आपण आगोदर पाह्यलं नाई त्याचा दंड."

उतारावर मी गाडी न्यूट्रल करून सोडायचो आणि त्या युक्तीचा मला अभिमान होता. तुम्ही तसं का करत नाही, असं मी जरा ऐटीतच विचारलं. त्यांनी खोटी साक्ष देणाऱ्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"न्यूट्रलमंधी गाडी आपल्या हाती राह्यते काय? आन इंजिन चालू ठेवाले पेट्रोल पेतेच थे. गिअरात राहू द्या आन पाय उचला. मंग चाकंच इंजिन फिरवते, पेट्रोल लागतच नाई."

बडनेऱ्याच्या आधी रस्त्याचं काम चालू होतं आणि गाड्या अडवलेल्या होत्या. सगळे इंजिन चालू ठेवून हॉर्न वाजवत बसले होते. अरविंदरावांनी किल्ली फिरवली, खाली उतरले आणि झेंडी धरलेल्या माणसाला तो कुठल्या गावचा, शेती किती, पोरी दिल्या कुठं, हे सगळं विचारून आले. अमरावतीला उतरलो तेव्हा माझी पाठ दुखत नव्हती, मान अवघडली नव्हती, आणि पोचायला उशीर म्हणावा तर तोही चहा संपण्याइतकाच झाला होता. चोर सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी मंदाला म्हटलं, हा माणूस गाडी चालवत नाही, गाडीची समजूत काढतो. तिला ते कौतुकच वाटलं. मग तिनं ताईकडून ऐकलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. गार इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल पितं म्हणून अरविंदराव भाजीला, देवळात, नातेवाइकांकडे गावातल्या गावात गाडी काढतच नाहीत. रोज संध्याकाळी दोघं पिशवी घेऊन पायी बाजारात जातात. गाडी काढायचीच झाली तर आठवड्याची सगळी कामं एका फेरीत ओवतात. गाडीवरचं सामान ठेवायचं कॅरिअर त्यांनी घेतल्या दिवशीच काढून टाकलं, कारण ते वारा अडवतं. "ताईला नवऱ्याबरोबर रोज तासभर चालायला मिळतं," मंदा म्हणाली. "आपण दोघं शेवटचं कधी चाललो?" मी म्हटलं, आपल्याकडे गाडी आहे. हे उत्तर बरोबर नव्हतं हे मला तिच्या तोंडाकडे पाहून कळलं.

पण मला खरी आग लागायची ती मोर्शीहून निघताना. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आईच म्हणतो, जावयाची डिकी रिकामी जाऊ देत नाहीत. संत्री, तूर, ज्वारी, हळद, लोणच्याची बरणी. यातल्या कशालाही नको म्हणणं हा अपमान, असं मी समजून होतो आणि कधी नको म्हटलं नाही. अरविंदराव मात्र डिकीच्या झाकणावर हात ठेवून उभे राहायचे. "आई, मले फक्त आशीर्वाद द्या," ते म्हणायचे. "त्याचं वजन नसते." आई पदर तोंडाला लावून हसायच्या. आणि कुंदाताईचा वाटा? तो माझ्या डिकीत. अमरावतीपर्यंत मी न्यायचा आणि तिथून अकोल्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायचा. म्हणजे त्यांची गाडी हलकी राहायची ती माझ्या गाडीच्या जिवावर. पोती मी वाहायची आणि अरविंदराव कधी काही मागत नाहीत असं नाव मात्र त्यांचं व्हायचं.

एका धोंड्याच्या महिन्यात मी हे सगळं मिटवायचं ठरवलं. अधिक महिना, दोन्ही जावई वाण घ्यायला मोर्शीला आलेले, ऊन रणरणतं. कौंडण्यपूरला नदीवर जाऊन दर्शन घेऊन यायचा बेत होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, लावता का पैज? दोन्ही गाड्यांच्या टाक्या मोर्शीच्या पंपावर काठोकाठ भरायच्या, कौंडण्यपूर करून यायचं, आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायच्या. ज्याच्या टाकीत कमी मावेल तो जिंकला. गजानन पंच. अरविंदराव म्हणाले, "चाला न. देवाले जावाचंच हाये."

मी तयारीनं उतरलो होतो. एसी बंद. आणि उघड्या काचांतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो असं कुठंतरी वाचलं होतं म्हणून काचाही बंद. माझ्या गाडीत मंदा, तिची एक मावशी आणि गजाननाची बायको. तिवस्यापर्यंत मावशींनी पदरानं वारा घेतला, त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मंदानं दोनदा काच खाली केली, मी दोनदा वर केली. वाटेत मी अरविंदरावांना मागे टाकलं, आणि मागे टाकताना पाहिलं तर त्यांच्या गाडीच्या काचा बंद, एसी चालू, आणि मागच्या सीटवर आई आणि कुंदाताई गप्पा मारताहेत. मला इतका आनंद झाला की मी आणखी जोरात दाबलं. मग पुढे बैलगाडी आली आणि ब्रेक मारावा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा ब्रेक.

नदीवर मी त्यांना विचारलं, पैज लावून एसी कसा काय लावला? ते म्हणाले, "अंगार पडून राह्यला बाहेर. बायकायले उकडून काय वाचवाचं?" मावशी तिथंच उभ्या होत्या. त्यांनी परतताना गाडी बदलली.

संध्याकाळी पंपावर दोन्ही टाक्या भरल्या. त्यांच्या टाकीत कमी मावलं, आणि थोडंथोडकं कमी नाही. मी हरलो होतो ते हरलोच, पण वर एक गोष्ट उघडकीला आली. घरी येऊन डिकी उघडली तर आत पितळेची परात, अनारशांचा डबा, तुरीचं अख्खं पोतं आणि धोतरजोडी. धाकट्या जावयाचं वाण आईंनी सकाळीच माझ्या डिकीत भरून ठेवलं होतं, आणि मी ते सगळं कौंडण्यपूरला फिरवून आणलं होतं. अरविंदरावांचं वाण घरात देवापुढे होतं. आल्यावर घेतो, असं ते सकाळीच सांगून बसले होते.

अंगणात सगळे हसत होते. तेवढ्यात अरविंदराव मोठ्यानं म्हणाले, "हे काई खरं नाई. साडभाऊच्या गाडीत आईचं वाण होतं, माह्या गाडीत नोतं. पैज बाद." आईंना वाईट वाटलं, गजाननानं निकाल फिरवला आणि माझी अब्रू वाचली. रात्री जेवण झाल्यावर हात धुताना ते माझ्या शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "पोत्याचं मी लोकायसाठी सांगतलं. पोत्यानं एवढा फरक नाई पडत. तुमच्या पायानं पडते." मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं? जिंकून वर मोठेपणा दाखवणारा माणूस मला हरवणाऱ्यापेक्षा जास्त खुपतो. मी त्या रात्री अनारसा खाल्ला नाही.

पुढे दोनेक वर्षांत आई न्हाणीघरात पडल्या. पाठीचा मणका दबला. अमरावतीच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि महिन्यातून एकदा दवाखान्यात आणायला सांगितलं. गजाननाकडे मोटरसायकल होती आणि मालाची गाडी होती, दोन्ही आईंच्या कामाची नाहीत. माझं घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि मोर्शीला तासाभरात पोचणारा जावई मी. पहिल्या वेळी अर्थातच मी गेलो. अगदी सावकाश चालवली. पण सावकाश चालवणं वेगळं आणि न हिसडता चालवणं वेगळं, हे मला माहीत नव्हतं. मी हळू जायचो आणि एकदम थांबायचो. दर ब्रेकला आईंच्या तोंडून आवाज निघायचा आणि त्या तो दाबायच्या. परत पोचवल्यावर मी पाण्याचा पेला हातात घेऊन ओसरीवर उभा होतो आणि आत त्या गजाननाला म्हणाल्या, "पुढच्या टायमाले अरविंदरावले सांग."

मला ते फार लागलं. आजही लागतं. मला पैज नको होती, ॲव्हरेज नको होतं. मला ती जागा हवी होती. आईंनी मागच्या सीटवर निर्धास्त बसावं आणि पुढे मी असावं. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेली. या बाईनं मला पहिल्या दिवसापासून जेवायला बसवून वाढलं होतं. तिच्या दुखण्यात तिला दुसऱ्याची गाडी हवी होती, आणि ती चूक होती असंही मला म्हणता येत नव्हतं.

मग दर महिन्याला अरविंदराव अकोल्याहून पहाटे निघायचे, मोर्शीला जायचे, आईंना घेऊन अमरावतीला यायचे, दवाखाना झाला की माझ्या घरी जेवायचे, आईंना मोर्शीला सोडून पुन्हा अकोल्याला जायचे. जेवायला मंदा पाटवडीचा रस्सा करायची, आणि पहिली भाकरी त्यांच्या ताटात पडायची. आई मागच्या खोलीत पडलेल्या असायच्या, म्हणायच्या, "येताना अशी झोप लागली का मोर्शी कवा सुटली समजलंच नाई." मी खाली मान घालून रस्सा ओरपायचो.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरविंदराव, तुमी थेंब थेंब वाचवता. आन इकडं महिन्याले एवढ्या चकरा. मी इथं बसलो असताना. हिशेब जमते काय याचा?"

त्यांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मंग वाचवतो कायले, साडभाऊ?" ते म्हणाले. "खर्चालेच न." आणि मंदाकडे वळून त्यांनी रस्सा मागितला.

मग मी एक गोष्ट केली. चोरून शिकायला लागलो. रिटायर झालो होतो, वेळ होता. रोज सकाळी मंदा देवपूजेला बसली की गाडी काढून नांदगाव पेठेच्या पुढपर्यंत जायचो. उजवी चप्पल काढून मागे सरकवायची. पडद्यावर कागद चिकटवून टाकला, कारण आकड्याकडे पाहिलं की माझा पाय बिघडायचा. समोरच्या गाडीच्या समोरची गाडी पाहायला शिकलो. स्पीडब्रेकरच्या इतकं आधी पाय उचलायला शिकलो की मागचे लोक शिव्या द्यायचे. सुरुवातीला पायाला काही कळायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. ॲव्हरेज वाढलं, चांगलंच वाढलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. मंदा एकदा एवढंच म्हणाली, "हल्ली तुम्ही गाडी चालवताना कुणाशी भांडत नाही." आईंना मी सुचवून पाहिलं, या वेळी मी येतो. त्या म्हणाल्या, "तुमाले काहून तरास? थे येतेतच न." आई कुणाला दुखवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी वादही घालता येत नाही.

आणि मग अरविंदरावांना हृदयाचा झटका आला. कोर्टातच चक्कर आली. दवाखान्यातून घरी आले ते गाडी चालवायची नाही, जिने चढायचे नाहीत, अशी बजावणी घेऊन. महिन्याची तारीख जवळ आली तसा कुंदाताईचा फोन आला. "हे ऐकून नाई राह्यले. आईले मीच नेतो म्हणतेत. तुमी येता काय, दिलीपराव?"

मी रेल्वेनं अकोल्याला गेलो. अरविंदराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पार वाळले होते, शर्ट खांद्यावरून उतरला होता, पण खिशातलं हवेचं यंत्र जागेवर होतं. मी म्हटलं, गाडी मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. त्यांनी माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि किल्ली दिली. माझी गाडी घेऊन येतो, असं मी फोनवरच म्हटलं होतं, तर ते नको म्हणाले होते. "आईले याच गाडीची सवय हाये." संध्याकाळी मोर्शीला मुक्काम केला. पुढची तारीख यायच्या आत ते गेले, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या त्या प्रवासात मी त्यांना धड पाहिलं ते शेवटचं.

सकाळी आईंना कळलं की गाडी मी चालवणार. त्यांनी पट्टा आवळून घेतला, देवाचं नाव घेतलं, दुखण्याची गोळी घेतली आणि मागच्या सीटवर उशांना टेकून डोळे मिटले. कुंदाताई मोर्शीलाच थांबली. अरविंदराव माझ्या शेजारी. मला वाटलं होतं, आता तासभर सूचना ऐकाव्या लागणार. पण ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी उजवी चप्पल काढून ठेवली होती, आणि जिथे काही पेडल नव्हतं तिथे त्यांचा तो पाय हलत होता. पुढे लांबवर एखादं वळण आलं, कुणी सायकलवाला रस्त्याकडे वळला, की तो पाय उचलला जायचा. पहिली काही गावं मी त्यांच्या पायाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून माझा पाय उचलत होतो. मग एका स्पीडब्रेकरच्या आधी लक्षात आलं की माझा आधी उचलला गेला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्यानंतर त्यांनी पाय मांडी घालून वर घेतला आणि खिडकीतून संत्र्यांचे बगीचे पाहत बसले. त्या माणसानं गाडीत बसून बाहेरचं काही पाहिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मागून कण्हणं ऐकू येत नव्हतं. मी आरशात पाहिलं. आई तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. माझ्या गाडीवानीत. मला काय झालं ते सांगायला लाज कशाला? डोळ्यांत पाणी आलं. मी इतकी वर्षं ज्यासाठी जळलो ते मागच्या सीटवर घोरत होतं.

अमरावतीत शिरलो तेव्हा रहदारी वाढली. एक रिक्षा आडवी येणार हे मला ती वळायच्या आधी दिसलं, गाडी नुसती मंदावली, रिक्षा गेली. आईंना जाग आली. डोळे मिटलेलेच.

"अरविंदराव, नांदगाव आलं काय?"

"मांगं गेलं, आई. अमरावतीत हाओत आपण," अरविंदराव म्हणाले. मग जरा मागे वळून, प्रत्येक शब्द सुटा करून, कोर्टात सांगावं तसं म्हणाले, "आन गाडी दिलीपरावनं आणली बरं. मी हातबी लावला नाई."

मी आरशात पाहिलं. मागे आईंनी उशी सारखी केली.

"त्यायले काहून मोठेपणा देता," त्या झोपेतच, मायेनं म्हणाल्या. "वाटंत तुमीच घेतली असन. थे चालवत असते त मले झोप लागली असती काय?"

एवढं बोलून त्या पुन्हा झोपल्या. सिग्नल लाल होता, मी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. सांगावंसं वाटत होतं. आई, डोळे उघडा आणि पाहा, पुढे कोण बसलं आहे. अरविंदराव माझ्याकडे झुकले.

"अपील करता काय, साडभाऊ?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. ते खिडकीकडे वळले, तोंडावर रुमाल धरला आणि हसायला लागले. आईंची झोप मोडू नये म्हणून बिनआवाजाचं, पण खांदे हलताहेत, डोळ्यांतून पाणी येतंय, त्या दुखऱ्या छातीला एक हात धरलेला. सिग्नल सुटेपर्यंत ते हसत होते. माझं सगळं हिरावून घेतल्यावर इतकं निर्मळ हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मला त्या हसण्याचाही हेवा वाटला.